पंपावरचा लंगोट

गाडीत पेट्रोलचा वास येतो, एवढंच मी म्हणाले होते. माझ्या नणंदेच्या, दायामीच्या, मिरवणुकीचं पुढे जे काही झालं त्याची सुरुवात माझ्या नाकापासून झाली असं आमच्या गल्लीत आजही सांगतात. म्हणून आधीच स्पष्ट करते, की मी फक्त वास येतो म्हणाले होते. गाडी उघडा असं कुणालाही म्हणाले नव्हते.

आणि वास येतच होता. एरवी जिच्या टाळूला दुधाचा आणि पावडरीचा वास येतो ती माझी आल्मा, गाडीतून बाजारात जाऊन येईपर्यंत पेट्रोल पंपावर नोकरीला असल्यासारखी दरवळायला लागायची. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. पेट्रोलची वाफ काय काय करू शकते हे मी पुस्तकात वाचलंय, आणि आई झाल्यापासून पुस्तकात वाचलेली प्रत्येक भयंकर गोष्ट मला आमच्याच घरात घडताना दिसते. म्हणून मी ओट्यावर उभी राहून जाहीर केलं, की वास जाईपर्यंत आल्मा या गाडीत बसणार नाही.

आमच्या सिएनफुएगोस शहरात अशी वाक्यं ओट्यावर उच्चारायची नसतात. पलीकडच्या ओट्यावर झुलत्या खुर्चीत रादामेस बसलेले असतात. ते जहाजावर इंजिनिअर होते. आता निवृत्त आहेत, त्यामुळे गल्लीतली सगळी इंजिनं त्यांच्या अखत्यारीत येतात.

"पंप गेलाय," खुर्ची न थांबवता ते म्हणाले. "आणि टाकीपासून येणारी नळीही गेलीय. नुसत्या गंजावर उभी आहे ती. हात लावलात तर संपली."

"माझ्या गाडीला काहीही झालेलं नाही," माझे सासरे एवेलिओ घरातून म्हणाले, आणि ते सिद्ध करायला बाहेर येऊन त्यांनी नळीला हात लावला. संपली.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. तिला आमच्या घरात 'जाडी' म्हणतात. आजेसासऱ्यांनी घेतलेली, अमेरिकन, पिस्त्याच्या रंगाची, वरून उघडी, मागे माशासारखे दोन पंख. इंजिन रशियन ट्रकचं, दारांच्या कड्या बसच्या, भोंगा एका बोटीचा. मूळचं म्हणाल तर पत्रा आणि तोरा, एवढंच शिल्लक आहे. पण याच जाडीतून माझ्या सासूबाई, नेरेइदा, पंधरा वर्षांच्या झाल्या तेव्हा मिरवल्या होत्या. आमच्याकडे मुलगी पंधराची झाली की झगा, मुकुट, आणि उघड्या गाडीतून प्रादोच्या रस्त्याने समुद्रापर्यंत मिरवणूक, हे लग्नापेक्षा महत्त्वाचं. लग्नं काय, पुन्हा करता येतात. तर त्या दिवशी गाडी आजेसासरे चालवत होते आणि शेजारी त्यांचा मुलगा बसला होता, जो वळून वळून मागे बघत राहिला आणि समुद्र येईपर्यंत मान धरून बसला. त्या धरलेल्या मानेचे परिणाम म्हणजे माझा नवरा ओस्निएल आणि माझी नणंद दायामी.

आणि दायामीचं पंधरावं महिन्यावर आलं होतं.

तिच्या मैत्रिणी हॉटेलसमोरच्या चकचकीत भाड्याच्या गाड्या घ्यायच्या. दायामीने लहानपणापासून सांगून ठेवलं होतं, आईचीच गाडी. संध्याकाळी शाळेतून आली तर सासरे जुन्या नळीचे तुकडे वर्तमानपत्रावर ओळीने मांडून बसलेले, एखाद्या थोर पुरुषाच्या अस्थी असाव्यात तसे.

"वहिनी," ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "जाडी चालली नाही तर मी घराबाहेर पडणार नाही. झगा उशीला घाला. लोकांना सांगा, वहिनीला वास आला."

त्या दिवसापासून पंप आणि नळी ही माझी वैयक्तिक जबाबदारी झाली. कुणी तसं बोललं नाही. पण जेवताना मीठ मागितलं तरी मला सगळ्यांच्या आवाजात पेट्रोल ऐकू यायचं.

पंप मिळाला, हे खोटं कशाला सांगू, अगदी सहज मिळाला. ओस्निएल शाळेत भूगोल शिकवतो. त्याच्या शाळेच्या शिपायाच्या मेहुण्याकडे एका रशियन गाडीचा पंप पडून होता आणि त्याला बदल्यात कोंबडा हवा होता. आमचा कोंबडा आल्माला झोप लागली की आरवायचा. मी पंप न बघताच सौदा मान्य केला. कोंबडा गेला त्या दुपारी गल्लीतल्या तीन घरांतून माझ्यासाठी कॉफी आली.

पण मोटारीचा पंप ट्रकच्या इंजिनाला बसेना. मध्ये जाड ठोकळा हवा, आणि तोही असा की इंजिनाची उष्णता पंपापर्यंत जाऊ देणार नाही. लाकूड जळेल, प्लास्टिक वितळेल. रादामेस म्हणाले, जुनं काळं बेकेलाइट पाहिजे, पूर्वी रेडिओला असायचं तसं. गल्लीत सगळीकडे शोध झाला. शेवटी ते आमच्याकडे कॉफी प्यायला आले, मध्येच उठून मोरीकडे गेले, आणि फार वेळाने बाहेर आले ते चेहरा उजळूनच.

"नेरेइदा," ते सासूबाईंना म्हणाले, "तुमच्या कमोडचं झाकण कशाचं आहे हे कधी नीट पाहिलंय?"

सासूबाईंनी पदर असता तर खोचला असता. ते झाकण त्यांच्या आईच्या घरातून आलेलं. शहरात आता झाकण असलेला कमोड किती घरांत आहे हे विचारून बघा. "म्हाताऱ्या," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "ज्या गाडीत माझं आयुष्य सुरू झालं तिला तू आता ह्याच्यावर बसवणार?"

"तिला नाही," सासरे म्हणाले, "फक्त तिच्या पंपाला."

झाकण कापलं गेलं. ज्या भिंतीवर माझी पदवी चौकटीत लावली आहे, त्याच भिंतीच्या पलीकडे त्यानंतर पाहुण्यांना आम्ही अर्धं झाकण दाखवत होतो.

मग नळी. सगळ्यांचं एकमत झालं की तांब्याची हवी, फ्रिजमध्ये असते तशी. ती मिळते सरकारी दुरुस्ती केंद्रात, आणि फक्त फ्रिजसाठी मिळते. खिडकीतल्या बाईंनी मला सांगितलं, "राणी, नळी देते की. पण आधी आमचा माणूस येऊन फ्रिज बघेल."

आमचा फ्रिज दुर्दैवाने ठणठणीत होता. शेजारच्या कूकाचा मात्र बंद होता. इतका जुना बंद, की तिने त्याचं चपलांचं कपाट केलं होतं. तपासनीस आला तेव्हा आम्ही सगळे कूकाच्या स्वयंपाकघरात चिंताग्रस्त नातेवाइकांसारखे उभे होतो. त्याने दार उघडलं. आत तीन फळ्यांवर चपला, आणि बर्फाच्या कप्प्यात पॉलिशची डबी.

"कधीपासून बिघडलाय?"

"बिघडला कुठे?" कूका म्हणाली. "जरा कमी थंड करतो."

"नळी किती लागेल?"

ओस्निएल शिक्षक आहे. त्याला खोटं बोलता येत नाही, निदान गणितात तरी नाही. "साडेचार मीटर," तो म्हणाला.

तपासनीसाने फ्रिजकडे पाहिलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर जाडी उभी होती, बॉनेट उघडलेलं, पोटाखाली चार विटा.

"तुमच्या फ्रिजला चाकं आहेत," तो म्हणाला.

"दिवेही आहेत," कूका म्हणाली. "रात्री पाणी प्यायला उठलं की बरं पडतं."

त्याने कॉफी घेतली. घोट घेता घेता सहज विचारलं, कार्यक्रम कुणाचा. दायामीला पुढे केलं. "माझीही आहे," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी पंधराची." आणि कागदावर 'कमी थंड करतो' असं लिहून सही केली.

आता मी जे सांगणार आहे ते शास्त्रशुद्ध होतं, निदान त्या दिवशी तरी तसं वाटलं. जुनी नळी गाडीच्या उजव्या अंगाने जायची, म्हणजे बरोबर आल्मा बसते त्या सीटखालून. मी म्हणाले, नवीन नळी माझ्या मुलीच्या खालून जाणार नाही.

"मग डाव्या अंगाने न्यावी लागेल," सासरे म्हणाले. "सायलेन्सरच्या बाजूने."

"न्या."

"तिकडे तापतं, मुली."

"तिकडे आल्मा बसत नाही."

रादामेस पलीकडच्या ओट्यावर होते आणि काही बोलले नाहीत. रादामेस गप्प बसतात, याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

नळी बसली. पेट्रोल आलं. गाडी सुरू झाली, आणि मी जमिनीवर आडवी होऊन टाकीपासून पंपापर्यंत सगळी नळी हुंगली. माझं झाल्यावर कूका म्हणाली, माझ्या फ्रिजची नळी आहे, मलाही हुंगायचीय. मग ओस्निएल. मग समोरच्या घरातले दोघं. एखाद्या संताचे अवशेष दर्शनाला ठेवावेत तशी त्या संध्याकाळी आमची गल्ली जाडीच्या पोटाखाली जाऊन येत होती. वास शून्य. संध्याकाळच्या गार वाऱ्यात सासऱ्यांनी चौकाला फेरी मारली, जाडी मांजरासारखी गुरगुरत परत आली, आणि मला वाटलं, विज्ञान जिंकलं. तरी आल्माला मी लगेच बसवलं नाही. म्हटलं, एक लांबची फेरी होऊ दे. जिंकलेल्या विज्ञानालाही थोडा वेळ द्यावा.

लांबची फेरी म्हणजे अर्थातच मिरवणूक.

निघायचं होतं सकाळी, ऊन चढायच्या आत. पण फोटोवाल्याने दायामीला जिन्यावर, जिन्याखाली, पंख्यासह, पंख्याशिवाय असं उभं केलं, आणि आम्ही प्रादोवर आलो तेव्हा ऑगस्टचं ऊन डोक्यावर होतं. पुढे जाडी. चालवायला सासरे, शेजारी सासूबाई, मागच्या सीटच्या पाठीवर उंच बसलेली दायामी, आकाशी झगा गाडीच्या दोन्ही बाजूंनी उतू गेलेला. मागे घोडागाडीत मी, आल्मा आणि ओस्निएल. त्यामागे सायकलरिक्षात कूका आणि रादामेस, आणि शेवटी सायकलींवर मावसभावंडं. माझ्या मांडीवर आल्मा आणि पायाशी माझी पिशवी. त्या पिशवीत बाळंतपणात रेशनवर मिळालेले सगळे कापडी लंगोट आणि उकळून गाळलेलं पाणी होतं. ओस्निएल म्हणतो, आपण समुद्रावर चाललोय, समुद्रापार नाही. पण वेळ सांगून येत नाही.

वेळ आलीच. प्रादोच्या बरोबर मध्यावर, शटर बंद असलेल्या एका दुकानासमोर, जाडी खोकली, दोन आचके दिले आणि थांबली.

सासरे उतरले. बॉनेट उघडलं. "वाफ धरलीय," ते म्हणाले. "पेट्रोल नळीतच उकळलंय. पंप नुसती हवा ओढतोय."

नळीत का उकळलं हे मला त्याच क्षणी कळलं. सायलेन्सरला चिकटून जाणारं तांबं. उष्णतावाहक पदार्थांत तांब्याचा क्रमांक कितवा, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत.

"मी म्हणणारच होतो," सायकलरिक्षातून रादामेस म्हणाले.

"मग म्हणाला का नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही शिकलेल्या आहात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घोड्यानेसुद्धा पाहिलं असं मला वाटतं. दायामीच्या डोळ्यांत काजळ हलायला लागलं होतं. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "वास येत होता तेच बरं होतं का गं?"

मी आल्माला ओस्निएलच्या हातात दिलं, पिशवी उचलली आणि खाली उतरले. नळी गार झाली तर वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं, हेही परीक्षेत येतं. पहिला लंगोट भिजवून पंपावर ठेवला. चर्रर आवाज आला. दुसरा नळीला गुंडाळला.

इतक्यात आमच्या मागे, शेवटच्या सायकलीपाशी, हातात रिकामी पिशवी घेतलेली एक बाई येऊन उभी राहिली. तिने बंद शटर पाहिलं, त्यासमोर थांबलेली माणसं पाहिली, आणि विचारलं, "शेवटचं कोण?"

आमच्या इथे हा प्रश्न आला की विचार करायचा नसतो, हात वर करायचा असतो. रांगेत उभं राहायचं नाही, आपल्या पुढचं कोण ते लक्षात ठेवून सावलीत जाऊन बसायचं. मावसभावाने सवयीने हात वर केला. "मी."

"मग तुझ्यामागे मी," म्हणत ती झाडाखाली गेली. तिच्यामागे एक म्हातारबुवा आले. मग दोन नर्सबाई. मग बसमधून उतरलेलं अख्खं कुटुंब.

"काय आलंय?"

"ठाऊक नाही. पण काहीतरी आलंय खास."

"चिकन म्हणतात."

"चिकन नाही, तेल. ती पुढे मुकुट घातलेली आहे ना, ती वाटणार आहे."

माझ्याकडचं पाणी संपलं होतं. लंगोट ठेवला की वाळत होता. तेवढ्यात गर्दी पाहून बर्फाच्या गोळ्याची गाडी ढकलत एक माणूस आला. त्याने आधी रीतसर शेवटचं कोण विचारून नंबर लावला आणि मग माझ्यापाशी आला.

"कुठला रंग देऊ, माझे राणी?"

"बिनरंगाचा," मी म्हणाले, आणि त्याच्यापुढे लंगोट पसरला.

त्याने पंपाकडे पाहिलं, दायामीकडे पाहिलं, आणि लंगोटात बर्फ किसायला लागला. मी पुरचुंड्या बांधत गेले. एक पंपावर, बाकीच्या नळीवर. "आता," मी म्हणाले. सासऱ्यांनी चावी फिरवली. जाडीने जरा विचार केला. आणि गुरगुरायला लागली.

"पण हळू," रादामेस ओरडले, या वेळी वेळेवर. "चालत्या माणसाच्या वेगाने. आणि बर्फ थांबू द्यायचा नाही."

म्हणजे कुणीतरी उघड्या बॉनेटपाशी पुरचुंड्या बदलत बरोबर चालायचं. ते कुणी करायचं हे ठरवावं लागलं नाही. पण घोडागाडीत आल्माने माझ्यासाठी रडून आकाश डोक्यावर घेतलं होतं, आणि ओस्निएल तिला नद्यांची नावं ऐकवत होता. त्याचा उपयोग होत नव्हता.

"दे तिला इकडे," दायामी वरून म्हणाली. तिने दोन्ही हात पुढे केले. "तूच सगळी नळी हुंगलीस ना? का तुझ्या नाकावर तुझाच विश्वास नाही?"

माझे हात बर्फाने बधिर झाले होते. मी गाडीत तोंड घालून पुन्हा एकदा खोल श्वास घेतला. अत्तर, कडक खळ, सासूबाईंच्या केसांचं तेल. पेट्रोल नाही. मी लेकीला उचललं आणि उंच त्या आकाशी झग्यात ठेवलं. आल्माने आत्याच्या डोक्यावरचा मुकुट पकडला आणि रडायचं विसरली.

जाडी निघाली. मागून पिशवीवाली बाई झाडाखालून उठली. "अहो, कुठे चाललात? माझा नंबर आहे."

"काही वाटत नाहीत इथे, बाई," ओस्निएलने प्रामाणिकपणे सांगितलं. "बहिणीचं पंधरावं आहे. गाडी बंद पडली होती."

रांगेने हे ऐकून घेतलं. मग म्हातारबुवा म्हणाले, "असेल. पण इतका वेळ थांबलोय, तर नंबर कशाला सोडायचा?"

आणि ते चालायला लागले. त्यांच्यामागे नर्सबाई. त्यांच्यामागे ते कुटुंब. पुढे बर्फ किसणारा, मग मी, मग जाडी, आणि मागे प्रादोभर आपापला नंबर धरून चालणारी माणसं. कुणीतरी टाळ्यांवर ताल धरला, कुणीतरी पिशवीतून रिकामं भांडं काढून वाजवायला घेतलं. चौकाचौकात नवीन माणसं शेवटचं कोण विचारत होती आणि सामील होत होती. सासऱ्यांनी बोटीचा भोंगा वाजवला. सासूबाई पुढे न बघता त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि मला वाटतं त्या दिवशी मान त्यांची धरली. इतकी लांब मिरवणूक या शहरात कुणाच्याच पंधराव्याला निघाली नसावी, असं दायामी म्हणते. भाड्याच्या गाड्यांना एवढी माणसं कुठून मिळणार?

समुद्रापाशी केक कापला. प्रत्येकाला बोटाएवढा तुकडा आला, पण नंबरानेच आला, आणि कुणी मध्ये घुसलं नाही. पिशवीवाल्या बाईने तुकडा खाल्ला, बोट चाटलं आणि म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं, काहीतरी आलंय?"

मी आल्माला परत घेतलं आणि तिची टाळू हुंगली. दूध, पावडर आणि केकवरची साखर.

नळी आता पुन्हा उजव्या अंगाने जाते, आल्माच्या सीटखालून. मीच सांगितलं, आणि गल्लीतल्या कुणीही त्यावर काही बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. रादामेस सोडून. पंप अजून सासूबाईंच्या झाकणावरच बसतो, आणि त्याच्यावर एक लंगोट कायमचा बांधलेला असतो. आल्माला आता त्याची गरज नाही, जाडीला आहे.

परवा प्रादोवर सिग्नलला थांबलो होतो. उन्हात जाडी जरा खोकली म्हणून सासरे उतरून बॉनेट उघडत होते. मागून एक बाई आली, आमच्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "शेवटचं कोण?"

मी काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून आल्माने हात वर केला.

"मी."